मळेवाल्याच्या तळटिपा

दुबईच्या जुमेरा भागातलं एक इंग्रज कुटुंब मायदेशी परतताना घरातलं सामान विकत होतं. बायकोने इस्त्रीचं टेबल घेतलं, मी पुस्तकांचं खोकं. त्यात वेस्ट इंडीजमधल्या कोकोच्या मळ्यावरची एक जुनी कादंबरी निघाली. लेखक स्वतः मळेवाला. मजुरांच्या तोंडी त्याने त्यांची क्रिओल बोली घातली होती आणि पानोपानी तळटिपा दिल्या होत्या. टिपांचा थाट असा, की बोली मजुरांची असली तरी मालकी ह्याचीच.

मला ती बोली कळेना. आम्ही दुबईतल्याच देरा भागात राहायचो; तिथे आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये त्रिनिदादची एक नर्स राहायची. अख्खी इमारत तिला सिस्टर म्हणे. बातम्या दिल्यासारखं स्वच्छ इंग्रजी बोलायची, अगदी तान्ह्या मुलीशीसुद्धा. नवरा जहाजावर. त्या दिवसांत मुलगी रोज संध्याकाळी कळवळून रडत होती. सिस्टरच्याच हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तपासून ‘काही नाही’ म्हणून सांगितलं होतं. त्या ‘काही नाही’ने ती जास्तच घाबरली होती.

एका शुक्रवारी ती रडणाऱ्या पोरीला घेऊन आमच्याकडे आली. बायकोने पोर घेतली. सिस्टरचं मन रमावं म्हणून मी कादंबरी पुढे केली.

“ह्या शब्दांसाठी शाळेत छड्या खाल्ल्यात आम्ही,” ती म्हणाली. “आणि हा बाबा छापून मोकळा!” मग वाचू लागली. “डूडू म्हणजे लाडकी. जंबी म्हणजे भूत. ही टीप चूक. हीपण.”

एका पानावर ती थांबली. मळ्यावरची एक बाई बाळाला ‘मालजो’ झाला म्हणून कामावर येत नाही आणि मालकाचे पाहुणे हसतात. खाली टीप: नजरेने मूल आजारी पडतं, अशी मजुरांची खुळी समजूत.

सिस्टरने पुस्तक मिटलं. “माझी आई फोनवर रोज हेच म्हणते. मी नर्स आहे, भाभी. कुणाला सांगू?”

मी बायकोला मराठीत अर्थ सांगितला.

“मग सरळ दृष्ट म्हणा की!” पोर माझ्या हातात देऊन ती स्वयंपाकघरात गेली. मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या मुठीत घेऊन आली. “आल्यागेल्याची, पाप्याचांडाळाची...” तीनदा ओवाळून तिने सगळं तव्यावर टाकलं. ठसका येईना.

“बघा! केवढी लागली होती!”

“मिरच्या गेल्या सुट्टीत गावाहून आणलेल्या आहेत,” मी म्हणालो.

“तुम्ही पेपर वाचा.”

सिस्टरने पोरीला छातीशी धरलं आणि हलक्या आवाजात बोलू लागली. बातम्यांचं इंग्रजी नव्हतं ते. अर्धी कादंबरी वाचूनही मला त्यातलं ‘डूडू’ एवढंच कळलं. पोर आणखी थोडी रडली, हुंदके देत राहिली आणि झोपली. दृष्ट उतरली की पोटातला वायू, ह्यावर मी आजही पैज लावणार नाही.

“उद्या परत रडली तर?” सिस्टरने कुजबुजत विचारलं.

“उद्या परत काढू,” बायको आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली.

सिस्टर मुलीला खाली ठेवायला तयार नव्हती. बायकोने तिच्या पाठीशी उशी लावली, आमटीभात कालवला आणि एका हाताने खाता येईल असा वाडग्यात घालून दिला.