झगा येईपर्यंत

ओयजमाल माझ्या शेजारची, लोकर पिंजून नमदे, म्हणजे जाड गालिचे, बनवणारी. तिचा नवरा शेरनियोज गडावर बेकच्या, म्हणजे आमच्या सुभेदाराच्या, पागेत मोतद्दार. बुखाऱ्याच्या अमीरांना धाडायचा नजराण्याचा घोडा त्याच्या हातून लंगडा झाला आणि बेकने त्याला गडाखालच्या खड्ड्यात टाकलं. कैद्याला सरकार थोडंच जेवू घालतं! घरच्यांनी वरून रोटी टाकायची. रोज एक, ती मी भाजत असे.

ती बेककडे रडत गेली, मी सोबत होते. बेक म्हणाला, "बाई, मी इथे अमीरांचा माणूस. त्यांची मर्जी राखणं माझं काम. दुसरा घोडा दे. बुखाऱ्याहून मानाचा झगा आला, माझी गादी पक्की झाली, की त्याच दिवशी तुझा नवरा सोडतो."

घरात एकच घोडा होता, सासऱ्याने वाढवलेला.

"अगं वेडे, याच्या बोलण्यावर जाऊ नकोस," मी म्हटलं.

"गप बस गं. बेकचा शब्द म्हणजे अमीरांचा शब्द."

डोंबलाचा शब्द! पण दिला तिने घोडा. हिवाळाभर बर्फातून गडावर रोटी पोचवत राहिली.

वसंतात झगा आला. नगारे वाजले, सगळा गाव वेशीवर. नवऱ्याचा धुतलेला सदरा घेऊन ओयजमाल सगळ्यांच्या पुढे. बेक पायी सामोरा गेला, मान झुकवून उभा राहिला. अमीरांच्या स्वाराने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मागच्या घोड्यावरून एक अनोळखी माणूस उतरला, झगा त्याच्या अंगावर चढला, नेमणुकीचं फर्मान त्याच्या फेट्यात खोवलं गेलं. आमच्या बेकचा फेटा शिपायांनी तिथेच उतरवला. घरदार जप्त, बायकापोरं बुखाऱ्याला रवाना.

तरी ही बया धावलीच. "साहेब, झगा आला! माझा नवरा सोडा!"

"शब्द कुणी दिला होता?" नव्या बेकने विचारलं.

"बेकसाहेबांनी."

"मग त्यांनाच विचार. आता तेही त्याच खड्ड्यात आहेत."

दुसऱ्या दिवशी आम्ही खड्ड्यापाशी गेलो. ओयजमालने वाकून हाक मारली, "बेकसाहेब, माझ्या घोड्याचं काय हो?"

खालून शेरनियोजचा आवाज आला, "ओय, यांचं कुणी उरलं नाही गं. कालपासून उपाशी आहेत."

"मरू दे मेल्याला!" मी ओरडले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

ओयजमालने सदरा छातीशी धरला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्यापासून दोन रोट्या भाज."