सुनंदाची राहून गेलेली रेघ

सुनंदा काल सकाळी गेली.

आता मी खोटं बोलू तरी कोणाशी?

कॉलेजच्या ग्रुपवर सगळ्यांनी तिचा तोच फोटो टाकलाय. युनिव्हर्सिटीचा माजी विद्यार्थ्यांचा पुरस्कार घेतानाचा, कॉम्प्युटर आणि इनोव्हेशनसाठीचा. शाल खांद्यावरून घसरून राहिली आणि ही हसतेय.

मी त्या दिवशी हॉलमध्ये शेवटच्या रांगेत होतो. निमंत्रण नव्हतं. डिग्रीच नाही, तर माजी विद्यार्थी कसला.

पण त्या पुरस्काराची सुरुवात कुठे झाली ते मला माहीत आहे. आज इथेच ग्रुपवर लिहून टाकतो.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी उमरेडच्या विणकराचा पोरगा, ती नागपूरच्या धरमपेठेतली, बड्या घरची. सगळे मला गज्या म्हणायचे. ती एकटी पूर्ण गजानन म्हणायची.

तेवढ्यावर मी खलास होतो.

कॉलेजात तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. मशीन लकडगंजच्या पलीकडे एका ऑफिसात. आम्हाला आठवड्यातून एक दुपार मिळायची. माहिती द्यायची ती पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून.

सुनंदाचा फायनलचा प्रोजेक्ट कुहीकडच्या विहिरींवर होता. रोजच्या पाण्याच्या पातळीचं एक कार्ड. कार्डावर नुसता आकडा, दिवस कोणता ते क्रमावरून कळायचं. शेकडो कार्डं, बुटाच्या खोक्यात.

म्हणून गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलनं एक तिरकी रेघ मारायची पद्धत होती. कार्डं सांडली, तरी रेघ जुळवली की क्रम परत लागायचा.

त्या दुपारी खोकं मी सायकलवर नेणार होतो. आठ दिवस मागे लागून ते काम मिळवलं होतं.

"थांब, रेघ मारायची राहिली," ती म्हणाली.

"काहून? माझ्यावर भरोसा नाही का तुले?"

"भरोशाचा काय संबंध, गजानन? दोन मिनिटांचं काम आहे."

"राहू दे मंग. दुसऱ्या कोणाले दे."

तिनं मग पेन्सिल खाली ठेवली आणि खोकं माझ्या हातात दिलं.

मला वाटलं, होकारच दिला.

लकडगंजात लाकडं चिरायच्या आरामशीनीसमोर वर्गातला पक्या मागून सायकलवर आला.

"काय गा गज्या, नवरीची पेटी घेऊन चालला का?"

मी सायकल तिथेच टाकली आणि त्याची कॉलर धरली. खोकं सायकलवर होतं हे त्यानंतर आठवलं.

कार्डं रस्त्यावर. लाकडाच्या भुशात.

पक्याच घाबरला. माझ्यासोबत उकिडवा बसून वेचू लागला. (पक्या, तू आजवर कोणाला बोलला नाहीस. विसरलो नाही मी.)

झटकली, जमतील तशी रचली, नेऊन दिली. सुनंदाला काही सांगितलं नाही.

मशीनकडून उत्तर आलं, ते सरांनी वर्गात मोठ्यानं वाचलं. "काय हो, तुमच्या कुहीच्या विहिरी मे महिन्यात भरतात आणि श्रावणात आटतात का?"

वर्ग हसला. मी पण हसलो. तेवढंही केलं मी.

त्यानंतर आठ दिवस ती व्हरांड्यातल्या बाकावर बसून आपल्या प्रोग्राममध्ये चूक शोधत होती. ओळीमागून ओळ. जेवायचं भान नव्हतं. मी तिला चहा नेऊन द्यायचो.

"सापडत नाही रे," ती म्हणायची. "माझं डोकंच कच्चं आहे बहुतेक."

मी कप उचलून परत यायचो.

नवव्या दिवशी तिनं विहिरींच्या नोंदींचं रजिस्टर काढून एकेक कार्ड ताडून पाहिलं. मग मला बोलावलं. तिच्या तळहातावर कार्डांतून निघालेला चिमूटभर भुसा होता.

"गजानन, कार्डं पडली होती का?"

एवढंच विचारलं. आवाजात राग नव्हता.

"नाही म्हटलं न! मी काय तुझा हमाल आहो का?" आख्ख्या व्हरांड्यानं वळून पाहिलं.

ती म्हणाली, "बरं."

प्रोजेक्ट द्यायची मुदत निघून गेली होती. तिचा पहिला नंबर गेला.

पुढच्या महिन्यात मी कॉलेज सोडलं. सरांशी भांडून सोडलं, असं तुम्ही सगळे आजही सांगता. भांडण झालं होतं, खरं आहे. पण ते मी उकरून काढलं होतं. तिच्यासमोर रोज बसणं जमत नव्हतं.

पुरस्काराच्या दिवशी स्टेजवर ती म्हणाली, "माझी सिस्टीम काम सुरू करण्याआधी आलेली माहिती नीट लागली आहे का ते बघते. हे मी नागपुरातच शिकले. आठ दिवस स्वतःत चूक शोधत बसले होते, आणि चूक माझी नव्हती."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात मांडीखाली होते.

चहाच्या वेळी तिनंच मला गर्दीतून शोधलं. केस पांढरे झालेले, नजर तीच.

"पडली होती ना, गजानन?"

एवढ्या वर्षांनी. समोर उभी राहून. हसत.

आणि मी म्हणालो, "नाही वं."

तिनं माझ्या हातातली कार्यक्रमाची स्मरणिका घेतली, घट्ट मिटली, आणि पर्समधलं पेन काढून पानांच्या कडेवर एक तिरकी रेघ मारली.

"आता ने," म्हणाली.

ती स्मरणिका आत्ता माझ्यासमोर आहे.

सुनंदा, पडली होती. आरामशीनीसमोर. रेघ मीच मारू दिली नाही. तुझं डोकं कच्चं नव्हतं, एक दिवसही नव्हतं.

तुला सगळं माहीत होतं. तरी तू दोनदा विचारलंस, आणि दोन्ही वेळा मी तुला रिकाम्या हातानं परत पाठवलं.

नीट जा.

तुझा,
गजानन