सरपंचाच्या अंगातला राखणदार

राई गावात ग्रामपंचायत होती तेव्हा सरपंच बदलत असत. पंचायत गेली, महानगरपालिका आली, आणि आता गावात सरपंच एकच उरलाय: राघोदादा पाटलांचा कुत्रा. रंग तांबूस, एक कान उभा, एक आडवा. दिवसभर ओट्यावर बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याकडे गंभीरपणे बघायचं आणि प्रत्यक्षात काहीही करायचं नाही. हे बघून दादांनीच त्याचं नाव ठेवलं.

दादा मिठागरात वाढलेले. मिठागर बंद पडलं, भातशेतीवर टॉवर उभा राहिला, पण दादांचा मिठावरचा विश्वास ढळला नाही. घसा बसला, मीठ. पाय मुरगळला, मीठ. टीव्हीचा रिमोट बिघडला तेव्हा त्यांनी तोही मिठाच्या पाण्याने पुसला. त्यानंतर तो कायमचाच गेला, पण "स्वच्छ तरी हाय ना?" असं दादा आजही विचारतात.

गेल्या हिवाळ्यात सरपंचाच्या डोळ्यांभोवतीचे केस झडले. मग पायांवरचे, मग पाठीवरचे. कातडी लाल होऊन तिला भेगा पडल्या. दादांनी अर्थातच त्याला खाऱ्या पाण्याने आंघोळ घातली. सरपंच असा केकाटला की टॉवरच्या खिडक्या पटापट उघडल्या.

आता गावची एक रीत सांगायला हवी. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने जायचं नाही. जे नेलं ते समोर बसून, आपल्या हाताने द्यायचं. आणि घरच्यांनी नको म्हणायचं नाही. नको म्हटलं, तर पुढच्या हळदीच्या पंगतीत त्या घरच्यांकडे वाढपी जरा कमी वेळा फिरकतात. सरपंच साऱ्या गावाचा, म्हणून सारं गाव त्याला बघायला आलं. आत्मारामने आपल्या गॅरेजमधलं जळकं ऑइल आणलं. शैलावहिनींनी कडुनिंबाचा काढा आणला. टॉवरमधल्या मितेशभाईंनी बारीक पांढऱ्या गोळीचं पाकीट आणलं. ती त्यांच्या मामाच्या खाजेवर लागू पडली होती. "दादा, देख लेना, एकदम आराम!"

दारात उभ्या विमलाबाई, म्हणजे दादांची बायको, हे बघत होत्या.

"माजा गुडगा वर्षभर दुखतोय, कुनी खायाला दोन केली घेऊन न्हाय आला. कुत्र्याला बगाया अख्खा गाव!"

"तू पन केस गाळ, मंग येतील," दादा म्हणाले.

गोळीने खरंच आराम पडला. खाज थांबली, सरपंच घोरायला लागला. दादांच्या नजरेत मितेशभाई साक्षात धन्वंतरी झाले. मग केस दुप्पट वेगाने गळू लागले, पाय सुजले, सरपंचाने खाणं सोडलं. तेव्हा मात्र दादांचा मला फोन आला. मी मूळचा राईचाच, पण राहतो शांती नगरात, आणि आमच्या बिल्डिंगखालीच डॉक्टर समिधा सावंतांचा प्राण्यांचा दवाखाना आहे.

डॉक्टरांनी कातडी हलकेच खरवडली, काचेवर घेतली आणि दादांना सूक्ष्मदर्शकातून दाखवली. लांबट, बुटक्या पायांचे किडे वळवळत होते.

"हे किडे बहुतेक प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर असतातच, काका. पिल्लू असताना आईकडून आलेले. माणसांना लागत नाहीत. अंगातली प्रतिकारशक्ती त्यांना आटोक्यात ठेवते. ह्याची ती झोपलीय, म्हणून ते माजलेत."

दादा काचेवरून मान वर न करता म्हणाले, "चिंबोऱ्या."

"काय?"

"खेकडे, बाय. मिठागराच्या बांधात चिंबोऱ्या असतातच. भोकं पाडतात. राखणदार जागा असंल तर तो रोज भोकं बुजवतो, बांध ऱ्हातो. राखणदार झोपला की खाडी आत."

"अगदी तेच!" डॉक्टर खूश झाल्या. "म्हणून मी दोन कामं करणार. किडे मारायची गोळी देणार, आणि राखणदाराला उठवायची इंजेक्शनं. सगळे डॉक्टर ही इंजेक्शनं देत नाहीत, सगळ्या कुत्र्यांना ती लागतही नाहीत. पण ह्याचं अंग फार खचलंय. जखमांतून रक्तात जंतू गेले, तर हा हाती लागायचा नाही. एकच अट आहे. दुसरं काही द्यायचं नाही."

दादांनी मान डोलावली. पुढच्या खेपेला सरपंच उचलूनच आणावा लागला.

"दुसरं काही दिलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी? न्हाय."

"त्यांनी न्हाय दिला," विमलाबाई म्हणाल्या. "गावानी दिला. ह्ये बसले होते बाजूला, चहा पाजत." आणि त्यांनी पिशवीतून मितेशभाईंच्या गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

डॉक्टरांनी ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. "काका, ही गोळी खाज थांबवते, कारण ती अंगातल्या राखणदारालाच झोपवते. मी त्याला हलवून उठवतेय, आणि तुम्ही शेजारी बसून अंगाई गाताय!"

रिक्षाने आम्ही गावाकडे निघालो. सरपंचाचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं, आणि दादांचा हात त्याच्या आडव्या कानावर. फ्लायओव्हर ओलांडल्यावर म्हणाले, "गावाला नको कसा बोलू? जल्मात बोललो न्हाय." मग तो कान कुरवाळत म्हणाले, "पन यो जायला नको."

मी काय सांगणार? आमच्या सोसायटीत आजाऱ्याला व्हॉट्सॲपवर फूल पाठवतात.

दुसऱ्या दिवशी मी चौकशीला गेलो, तर आत्माराम ऑइलचा डबा घेऊन ओट्यावर हजर. सरपंच आतल्या खोलीत, दार बंद. दादांनी लेंगा गुडघ्यापर्यंत वर केला आणि पाय पुढे केले.

"माज्या पायाला लाव."

"दादूस, तुमाला कुठं काय झालंय?"

"मी त्याच्या घरचाच ना? मना लावलास की त्याला पोचला."

आत्मारामने विचार केला आणि त्याला ते पटलं. मन लावून त्याने दोन्ही पाय काळे केले. शैलावहिनींचा काढा दादांनी स्वतः प्यायला, चेहरा किंचितही न हलवता. गोळीचं खरं कळल्यावर मितेशभाई रडवेले झाले आणि घरचे खाकरे घेऊन आले. तेही दादांनीच खाल्ले. हा उपचार त्यांना विशेष मानवला. कुणाला नको म्हटलं नाही, कुणाचं मन मोडलं नाही, आणि सरपंचाच्या पोटात मात्र डॉक्टरांनी दिलेल्या औषधाशिवाय काही गेलं नाही. विमलाबाई लेंगे धुताना काय म्हणाल्या, ते छापता येणार नाही.

हळूहळू सरपंच भाकरीकडे बघू लागला. मग खाऊ लागला. पाठीवर मखमलीसारखी लव आली, मग डोळ्यांभोवती. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा कातडी खरवडून तपासली. एका तपासणीनंतर त्या हसत म्हणाल्या, "किडा नाही. राखणदार उठला, काका!" मग त्यांची नजर खाली गेली. "आणि तुमच्या पायांना हे काय?"

दादांच्या नडग्या लालभडक झाल्या होत्या, पुरळ आलं होतं.

"ऑइल," विमलाबाई म्हणाल्या. "गाडी चांगली पलते त्यानी."

"माणसांच्या डॉक्टरकडे जा. आजच!"

दादा गेले, मलम मिळालं, पाय वर करून पडून राहायला सांगितलं. आणि दादा आजारी म्हटल्यावर अख्खं गाव त्यांना बघायला निघालं. सर्वांत पुढे आत्माराम, हातात डबा.

ओट्यावर नव्या, दाट केसांच्या कोटातला सरपंच बसला होता. त्याने डबा पाहिला, वास घेतला, आणि उभ्या कारकिर्दीत पहिल्यांदाच काहीतरी काम केलं. उठला, दारात आडवा उभा राहिला आणि असा भुंकला की आत्माराम डब्यासकट थेट रस्त्यावर!

"काय करू रं आत्माराम," आतून दादांचा अत्यंत समाधानी आवाज आला. "मी कुनाला नको बोलत न्हाय. सरपंच बोलतोय."

शैलावहिनींना मात्र त्याने वास घेऊन आत सोडलं. त्यांनी दोन केळी आणली होती. ती विमलाबाईंनी खाल्ली, दोन्ही.