कॉलरीबरोबर चिकटलेली बातमी

शिंपीमास्तर म्हणजे देवमाणूस. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं, तरी "कापडच आटलं हो" म्हणत शिवण दोन बोटं उसवून देणार. स्वतःच्या पोटाशी मात्र त्यांचं बारा वर्षांपासून वाकडं. सकाळी पित्ताची गोळी पोटात गेल्याशिवाय मशीनवर पाय पडायचा नाही.

नवा नमुना मास्तर आधी रद्दी पेपरवर कापतात आणि खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवतात. परवा एक कॉलर अशी पक्की बसली, छापील बाजू खाली. मग उरलेल्या तुकड्यावर त्यांची नजर गेली : 'पित्ताच्या गोळ्यांमुळे आतड्याचा कॅन्सर'. पुढचं सगळं कॉलरीबरोबर गेलेलं.

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. थोरला भाऊ याच दुखण्यानं बावन्नाव्या वर्षी गेला होता. हे आता पंचावन्नचे.

गोळी गुपचूप बंद झाली. तिसऱ्या दिवशी छातीत भट्टी पेटली. चेहरा असा, की गिऱ्हाइकांना वाटावं आपलं माप चुकलं.

"अहो, काय होतंय?" बायकोनं विचारलं.

"ऊन लागलंय."

"दुकानात बसून? छपराला भोक पडलं वाटतं!"

बायकोनं उशाखालचं गोळ्यांचं पाकीट शोधलं, तो कागदाचा तुकडाही शोधला आणि नवऱ्याला डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं.

डॉक्टरीणबाईंनी तुकडा वाचला. "अर्ध्या बातमीवर अख्खी गोळी बंद केलीत? मास्तर, या गोळ्यांनी आतड्याचा कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. काही अभ्यासांत थोडा संबंध दिसला, बऱ्याच अभ्यासांत दिसला नाही. एकदम बंद केली की पित्त उसळतं, ते तुम्ही भोगताच आहात. ती अजून लागते का, कमी करता येईल का, ते आपण बघू."

मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो अर्ध्यावरच अडकला, कारण बाई पुढे म्हणाल्या, "पण सख्खा भाऊ यानं गेला, हे बारा वर्षांत मला का नाही सांगितलंत? तुमची दुर्बिणीची तपासणी केव्हाच व्हायला हवी होती. काळजी करायची, तर त्याची करा."

"म्हणजे दुर्बीण... कुठून?"

"कुठून म्हणजे काय," बायको म्हणाली, "आतडं जिथं संपतं तिथून. चला!"

आदल्या दिवशी पोट साफ करायच्या औषधानं मास्तरांना घरातल्या घरात इतकं पळवलं, की बायको दारातून ओरडली, "आता तुमचंच कापड आटणार!"

तपासणीत वाटाण्याएवढी गाठ सापडली आणि तिथल्या तिथे काढलीही. आठवड्यानं अहवाल आला. कॅन्सर नव्हता, पण गाठ तशीच राहिली असती, तर काही वर्षांनी झालाही असता. बायको इतके दिवस थट्टा करत होती. कागद हातात आल्यावर पदर तोंडाला लावून खुर्चीत बसली.

मास्तरांनी तिला पाणी आणून दिलं. मग त्यांनी धाकट्या बहिणीला फोन लावला आणि तिलाही तपासणी करून घ्यायला सांगितलं.

"दादा, मला काहीसुद्धा होत नाही, तपासणी कशाला करायची?" ती हसली.

"मला तरी कुठं होत होतं?" मास्तर म्हणाले. "उद्या सकाळी येतोय तुला न्यायला. तयार राहा."