घासजोड

संघपाल चहा पिण्याआधी कपाला बोट लावून बघायचा. कुकरची पहिली शिट्टी झाली की दुसरी कधी येईल ते सांगायचा. एसटीत बसल्या बसल्या खिडकीच्या काचेवर तळहात टेकवायचा. मोबाइल गालाला लावून म्हणायचा, "तापलाय."

संघपाल माझा मित्र. आम्ही दोघं रेणापूरचे. नांदेडला एका खोलीत राहायचो. मी मराठीत एम.ए. केलं. तो इंजिनिअरिंगमध्ये संशोधन करायचा. तांब्याचे आणि ॲल्युमिनियमचे पत्रे एकमेकांवर दाबायचे आणि कानाला ऐकू न येणाऱ्या कंपनांनी घासायचे. धातू वितळत नाहीत, तरी जोडले जातात. त्या वेळी सांध्यात किती तापतं, याचं गणित संघपाल कॉम्प्युटरवर मांडायचा. त्याच्याच प्रयोगशाळेतला उदगीरचा सोमेश यंत्रावर प्रत्यक्ष जोड करून ताप मोजायचा.

दोघांचे आकडे जुळले की संघपाल नाचतच खोलीवर यायचा. सोमेशबरोबर चहा पिऊन.

एकदा म्हणाला, "याला मराठीत काय म्हणू? आपल्या शाळेत सांगायचंय. मायलाबी कळलं पाहिजे."

मी कोश धुंडाळले. "श्राव्यातीत संधान."

त्यानं तो शब्द दोनदा म्हणून बघितला. दुसऱ्या दिवशी दारातूनच ओरडला, "सोमेश म्हनला, घासजोड! लई भारी हाय ना?"

भारी होता. म्हणूनच मला जेवण गेलं नाही. यंत्र सोमेशचं, आकडे सोमेशचे. शब्द तरी माझा असायला हवा होता.

उन्हाळ्यात कूलरच्या वायरीला जळका वास यायला लागला. संघपालनं बटण बंद करून वायरीच्या जोडावरची चिकटपट्टी सोडली.

"तांब्याची वायर ॲल्युमिनियमला कुणी मुरगाळली?"

"मी. तुम्ही तरी दुसरं काय करता?"

"यड्या, आम्ही दाबून घासतो. तू नुसतं गुंडाळलंस. असा जोड तापतो, लेका."

त्यानं जोड कापला. दोन्ही टोकांना वेगवेगळी पट्टी लावली. "कनेक्टर आणतो सोमेशकडून."

"त्याच्याकडूनच कशाला?"

"त्याच्याकडं हाय म्हणून."

त्याच आठवड्यात पुण्याच्या बॅटरी कंपनीनं दोघांना नोकरीला बोलावलं. मी बाहेर असतानाच दोघं निघाले; मला ते सोमेशच्या स्टेटसवरून कळलं. एसटीच्या एका सीटवर दोघं, मांडीवर बॅगा. मी फोटोकडे बघतच राहिलो.

रात्री संघपालचा फोन आला. "गडबडीत सांगायचं राहूनच गेलं रे. रागावलास?"

"न्हाई."

कूलर तसाच बंद आहे. घरमालकानं वायरमन पाठवला होता. तो स्टुलावर चढला, तेव्हा मी म्हटलं, "राहू द्या. संघपाल करणार आहे."