शेंदूर लावलेलं इंजीन

वऱ्हाडातल्या माणसाला पाणी म्हटलं की विहीर आठवते. होडी त्यानं पाहिली असेल तर कॅलेंडरावर. तरीही साठच्या आसपास कधीतरी अकोल्यातल्या आमच्या सरकारी ऑफिसात एक होडी आली, आणि तिच्या मागच्या फळीला अडकवायचं पेट्रोलचं इंजीन आलं. आदल्या पावसाळ्यात पूर येऊन माणसं झाडांवर बसून राहिली होती, म्हणून वर कुणीतरी ठरवलं, जिल्ह्याला होडी द्या. पुढचा पूर आला तो बाळापूरला. होडी होती अकोल्याला, आणि मधला रस्ता पाण्याखाली. रस्ता मोकळा झाला तोवर पूरही ओसरला होता. त्यानंतर होडी गोदामात उपडी पडून राहिली आणि ऑफिसातली मंडळी दुपारी तिच्यावर डबे मांडून जेवू लागली.

त्या ऑफिसात मी मेकॅनिक होतो, हंगामी. त्याआधी अमरावतीला कापसाच्या एका जिनात ऑइल इंजिनावर होतो. आमचं गाव वलगावच्या बाजूचं. नागपूरला दीक्षा घेऊन आलो त्याला चार वर्षं झाली होती आणि नोकरीला तीन. तीन वर्षं माझ्या पगारपत्रकावर ‘हंगामी’ हा शब्द येत होता. मला कायम करायची फाइल हेडक्लार्ककडे होती, आणि ती साहेबांपुढे कधी ठेवायची हे तेच ठरवत.

हेडक्लार्क म्हणजे आमचे बाबूजी. अमरावतीच्या भिक्षुकाच्या घराण्यातले. घरची पूजा उरकून ऑफिसात येत आणि उरलेली ऑफिसात करत. दसऱ्याला टाइपरायटर, जीप, टेबलपंखा, झाडून सगळ्या सरकारी मालाला हळदकुंकू लागे. पण या इंजिनावर त्यांचा विशेष जीव. त्याचं खालचं टोक, जिथे पाणी कापणारा पंखा असतो, ते त्यांना पायासारखं वाटे, आणि पूजा पायांचीच करायची असते ना! त्या पायांना ते तेलात कालवलेला शेंदूर थापत. असे तीन दसरे झाले. आधीचा थर काढायचा नाही, नवा वर चढवायचा. अस्सल सरकारी पद्धत.

मी पूजेला जात नसे. वाद घालत नसे, नुसता जात नसे. त्या वेळी कोपऱ्यात बसून जीपची चाकं तपासायचो. बाबूजी आरतीचं ताट फिरवत माझ्यापर्यंत आले की ताट आपोआप वळायचं.

इंजीन चालतं का हे आम्ही वर्षातून एकदा बघत असू. गोदामाबाहेर डांबराच्या रिकाम्या ड्रममध्ये पाणी भरायचं, इंजिनाचं खालचं टोक त्यात सोडायचं, दोरी ओढायची. इंजीन फडफडे, ड्रममधलं पाणी सगळ्यांच्या अंगावर उडे, दोन मिनिटांत बाबूजी ‘बस, बस’ म्हणत आणि रजिस्टरात ‘चालू स्थितीत’ असं लिहीत. दोन मिनिटांत पातेल्यातला चहासुद्धा उकळत नाही. इंजीन काय तापणार!

त्या वर्षी दसऱ्यानंतर आठ दिवसांनी साहेब होडी बघायला येणार असं पत्र आलं. साहेब पुण्याकडचे, नवे. बाळापूरला किल्ल्याखाली नदीला अजून पाणी होतं. तिथे ते स्वतः होडीत बसणार होते. बाबूजी मला म्हणाले, “होडी नीट चालली, तर तुझी फाइल मी त्याच दिवशी पुढे ठेवतो. नाही चालली, तर तूच समजून घे.” मी समजून घेतलं. घरी बायकोलाही सांगितलं, आता होतंय.

आदल्या दिवशी सकाळी ट्रकमधून होडी बाळापूरला नेली. बरोबर बाबूजी आणि ऑफिसातला म्हातारा शिपाई. बाबूजी काठावर कडुनिंबाखाली खुर्चीत बसले. शिपाई आणि मी होडीत. दोरी ओढली, इंजीन लागलं, होडी ऐटीत निघाली. काठावर धुणं धुणाऱ्या बायका उभ्या राहून बघू लागल्या. नदीच्या मध्यावर पोचलो आणि इंजिनाचा आवाज जड झाला. मग रंग करपल्याचा वास आला. मग ते दोनदा खोकलं आणि बंद पडलं. झाकणाला बोट लावलं तर चटका बसला.

“काहून थांबलं भाऊ?” शिपायानं विचारलं.

“तापलं.”

“तुमी आरतीले आले नाई ना, म्हून असन.”

तो चिडवत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि मला त्याचाच जास्त राग आला. बांबूनं होडी रेटत आम्ही काठाला आलो. बाबूजींनी तर निकालच दिला. “देवाचं केलं नाही तर यंत्रसुद्धा कोपतं. मी आधीच म्हणत होतो.” ते आधी काहीही म्हणाले नव्हते.

इंजिनाचं इंग्रजी पुस्तक होतं. पण ते सरकारी मालमत्ता म्हणून अकोल्याला कपाटात कुलपाखाली. माझे हात तेलकट, म्हणून ते मला कधी दिलंच नव्हतं. मग मी जिनात शिकलो होतो तसा एकेक धागा धरून बसलो. आधी पेट्रोल बघितलं. त्यात मिसळायचं तेल कमी पडलं असेल तर इंजीन तापतं. तेल बरोबर होतं. प्लग काढला, काळा होता, घासून बसवला. पंख्याला शेवाळ गुंडाळलंय का बघितलं, थोडं होतं, काढलं. पंखा आणखी बुडावा म्हणून इंजीन फळीवर खाली सरकवून बसवलं. निवल्यावर पुन्हा नदीत नेलं. पुन्हा चार-पाच मिनिटांत तोच वास.

काठाला आल्यावर डोकं धरून बसलो. उद्या साहेब येणार, फाइल परत कपाटात जाणार, आणि हंगामीचा हंगामी मी घरी जाणार. बायकोला काय सांगू? इंजीन कोपलं?

मग जिनातलं इंजीन आठवलं. तिथे हौदातून पाणी आत जायचं आणि गरम होऊन दुसऱ्या पाइपातून बाहेर पडायचं. पाणी गरम येतंय ना, हे मी दिवसातून दहादा हात लावून बघायचो. या इंजिनालाही मागे एक बारीक भोक होतं, पण त्यातून धार पडताना मी अजून पाहिली नव्हती. पाणी बाहेर पडत नाही, म्हणजे आत जातच नाही.

“याच्यात पानी कुठून जाते?” मी शिपायाला विचारलं.

“नदीतूनच जात असन नं भाऊ!”

म्हातारा शंभर टक्के बरोबर होता. इंजीन काढून गवतावर आडवं केलं. खालचं टोक बघितलं तर भोक नाहीच. नुसता शेंदूर. वाळून दगड झालेला, मारुतीच्या मूर्तीवर असतो तसा. शिपायाकडे ताडपत्री शिवायचं दाभण होतं. ते घेऊन टोकरायला लागलो. पापुद्रे पडू लागले, आणि आतून एक भोक निघालं. मग दुसरं. पंख्याच्या वर दोन्ही बाजूंना अशी बारीक भोकांची जाळीच होती, सगळी बुजलेली.

बाबूजी खुर्चीतून ताडकन उठले. “हे काय करतोस? पुजलेलं आहे ते!”

“बाबूजी, याच्या नाकात शेंदूर गेला. श्वास कसा घेईन ते?”

त्यांनी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांना कळलं हे मला कळलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, “भोकं तेवढी मोकळी कर. बाकीच्याला हात लावू नकोस.”

मी भोकं तेवढीच मोकळी केली. संध्याकाळी इंजीन अर्धा तास चाललं, मागून पाण्याची सलग धार पडत होती. ती बघून मला इतका आनंद झाला की मी ओंजळ धरून ते कोमट पाणी तोंडावर मारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, होडीत बसले, दोन फेऱ्या झाल्या. साहेब खूश. डाकबंगल्यावर चहा घेताना त्यांनी विचारलं, “काल इंजीन बंद पडलं होतं म्हणे?” कुणी सांगितलं कोण जाणे.

“छिद्रं बुजली होती साहेब,” मी म्हणालो.

“कशानं?”

बाबूजी माझ्या मागे उभे होते. काखेत फाइल होती, माझी. त्यांच्याकडे मी बघितलं नाही. बघायची गरजही नव्हती. तीन दसरे ज्या माणसानं माझ्यापाशी ताट वळवलं, ज्यानं कालच मला देवाचा गुन्हेगार ठरवलं, त्याचं माप त्याच्या पदरात घालायला मला एक शब्द पुरे होता. तो शब्द माझ्या नखांत अजून लाल दिसत होता.

“गाळानं, साहेब.”

साहेबांनी माझ्या नखांकडे बघितलं. “इथला गाळ तर काळा असतो.” मग ते हसले आणि म्हणाले, “बरं, तसं लिहून द्या.”

मी लिहून दिलं. नदीतील गाळामुळे. खाली सही केली. बाबूजींनी कागद दोनदा वाचला, फाइलला लावला आणि फाइल साहेबांपुढे ठेवली.

पंधरा दिवसांत हुकूम आला. मी अर्धा शेर जिलबी घेऊन घरी गेलो. बायको चुलीपुढे भाकरी थापत होती. मी तिला सगळं रंगवून सांगितलं. बाबूजींचा चेहरा, शेंदराचे पापुद्रे, साहेबांचं हसू, मी लिहून दिलेला गाळ. मला वाटलं होतं, ती पोट धरून हसेल. बाबूजींपर्यंत हसली. गाळाचं ऐकून मात्र पुन्हा भाकरी थापू लागली.

दीक्षा घेऊन आलो त्या आठवड्यात घरातले देव टोपलीत घालून तिनं एकटीनं पेढी नदीत सोडले होते. माझी आई दारात बसून रडत होती तरी सोडले होते. मी त्या दिवशी मुद्दाम कामावर गेलो होतो.

“कायम झाले, चांगलं झालं,” ती म्हणाली. भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. “पन मंग या वर्षी पूजा तुमी बी केलीच म्हना ना.”

ती रागावून बोलली असती तर मी भांडलो असतो. तिनं ताट वाढलं, जिलबी ताटात ठेवली, आणि मी जेवलो.