मूठ वळेपर्यंत

"टेंडन तुटले आहेत," नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरसाहेब म्हणाले. टेंडन म्हंजे बोटं ओढणाऱ्या दोऱ्या. माझ्या उजव्या हाताच्या चार बोटांच्या दोऱ्या अस्वलानं चावून तोडल्या होत्या.

अहेरीच्या जंगलात मोहफुलं वेचून राह्यलो होतो. पिलांसंगं मादी निघाली. अस्वल आधी तोंड फाडते, म्हणून मी हात आडवा टाकला. तिनं मनगट कडाकडा चावलं. डाव्या हातानं कुऱ्हाडीचा दांडा तिच्या नाकावर हाणत राह्यलो, तवा कुठी सोडलं. डोळे वाचले.

जखम भरली, बोटं मात्र वळेनात. बायको सगुणा घास भरवे. धडधाकट माणूस मी, लेकरावानी तोंड उघडून बसलो! एक दिवस डोकं फिरलं. डाव्या हातानं पाण्याचा गडवा फेकून मारला. तिचं कपाळ फुटलं. लाज वाटली, पण तोंडातून शब्द निघाला नाई.

साहेब घाईत राउंडवर आले, हात पाह्यलाच नाई. "हात चालतो ना?"

"हो जी," मी म्हटलं. आमच्याकडं साहेबाले नाई म्हणत नसतात. जंगलच्या नाकेदारानं काईही विचारलं, तरी 'हो जी'च. साहेबानं डिस्चार्ज, म्हंजे सुट्टी, लिहून टाकली.

तिथी ऑक्युपेशनल थेरपीची एक बाई होती. म्हंजे रोजच्या कामांतूनच हाताले पुन्हा कामाचं करणारी. ती तावातावानं आली. "साहेब, याला विचारू नका, हाताला विचारा." तिनं माझ्या हातात लाकडी दांडा ठेवला. तो धाडकन साहेबाच्या बुटावर पडला.

साहेब भडकले. "खाट किती दिवस अडवायची?"

"ऑपरेशन होईपर्यंत. या हाताशिवाय हा जंगलात खाईल काय?" मग माझ्याकडं वळली. "आता खरं सांग."

"नाई जी. नाई चालत."

बाई मोठ्या साहेबाकडं चारदा जाऊन भांडली, तवा ऑपरेशन झालं. मग रोज ओली माती दाबायची, फडकं पिळायचं. जीव जाये. मी तिले शिव्या घातल्या. "दे शिव्या, पण दाबत राहा," ती म्हणे. तिचे उपकार ह्या जन्मी फिटत नाई. भाऊहो, तुमच्यावर अशी पाळी आली तर साहेबाले भिऊन खोटं सांगू नोका.

एका सकाळी मूठ वळली, पक्की. मी ओरडलो, "पाह्य सगुणे, वळली!"

मूठ पाहून ती दोन पावलं मागं सरकली.

मी बोटं एकेक करून उघडली. "माझं चुकलं, सगुणे," म्हटलं, आन् रडलो.